पानगळ: कोणतं झाड कधी झडतं अन् किती दिवस उघडं राहतं?

धुरकरी (भिवापूर) | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१२

मंडळी, हरभरा सोंगायला आलाय, त्यामुळे सध्या दिवसभर शेतातच आहे आणि नजर सारखी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडांकडे जाते. शेत आमचं उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलाच्या बाजूला. अर्धी जमीन काळी, अर्धी बरड. धुऱ्यावर आणि पडीत तुकड्यात आजोबांच्या वेळची झाडं आहेत: मोह, पळस, ऐन, साग, मोवई, बेल, आवळा, दोन निंब, आणि नाल्याच्या काठानं जांभूळ, करंज.

पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला, ऊनही सारखंच. तरी मोवई संक्रांतीच्या सुमारासच बोडकी झाली. पळसाची पानं आता गळतायत आणि काळपट कळ्या दिसू लागल्यात. मोहाचा पाला पिवळा पडतोय. ऐन मात्र अजून भरलेला उभा आहे, आणि जांभळीला तर कशाचंच काही नाही. हे कोण ठरवतं?

दुसरा प्रश्न कामाचा. उत्तरेकडचा धुरा रिकामा आहे. तिथं असं झाड लावायचंय की रब्बीत पिकावर सावली पडू नये, पण एप्रिल-मेमध्ये बैलांना बांधायला गच्च सावली मिळावी. पानगळीचा हिशेब बरोबर बसवला तर असं झाड सापडेल असं वाटतं. कोणाच्या पाहण्यात आहे का?

संत्रेवाला (वरुड) | ११ फेब्रुवारी, रात्री १०:०५

सावलीचं जाणकार सांगतील. पण 'कोण ठरवतं' याचं उत्तर आम्हा संत्रेवाल्यांना पाठ आहे: पाणी. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरतानाचं फूल, धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडतो, मृग, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचं, धरायचा तर मे महिन्यात. झाड मलूल होतं, काही पानं पिवळी पडून गळतात, नंतर पाणी सोडलं की फूल येतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत बसता बसत नाही. तुमच्या बरडातला पळस आणि काळ्या तुकड्यातला पळस एकाच वेळी झडतात का, ते आधी पाहा बरं भाऊ.

धुरकरी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

नाही झडत! बरडातला केव्हाच मोकळा झाला, काळ्यातल्याच्या अजून निम्म्या फांद्या हिरव्या आहेत. हे मी रोज पाहतो, पण असा जोड लावला नव्हता.

फळ्यासमोरची (वर्धा) | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते, चालवून घ्या.

संत्रेवाले भाऊ म्हणतात ते खरंच आहे, पण एक गोष्ट आधी बाजूला काढू. पान गळणं म्हणजे पान वाळून पडणं नाही. झाड त्याला जिवंतपणी सोडतं. देठाच्या बुडाशी, फांदीला जोडलेल्या जागी, पेशींचा एक पातळ थर असतो. पान जोमात असेपर्यंत ते ऑक्झिन नावाचं संप्रेरक देठाकडे पाठवत राहतं, तोवर हा थर घट्ट असतो. पान म्हातारं झालं किंवा पाण्याचा ताण पडला की ऑक्झिन कमी पडतं, इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो, आणि त्या थरातल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ विरघळू लागतो. मग साध्या झुळकीनं पान सुटतं. मागं राहिलेल्या जखमेवर बुचासारखं आवरण धरतं.

त्याआधी झाड पानातला नत्र आणि स्फुरद बराचसा परत ओढून घेतं. हिरवा रंग मोडतो तो याच कामात. पिवळा रंग पानात पहिल्यापासून होताच, हिरवा गेला की तो उघडा पडतो. धावड्याची पानं गळण्याआधी तांबूस होतात, तो रंग मात्र शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार झालेला असतो.

पुरावा पाहिजे असेल तर लग्नाचा मांडव पाहा. आपल्याकडे मांडवावर जांभळीच्या डहाळ्या टाकतात. तोडलेल्या डहाळीची पानं वाळून कुरकुरीत होतात, पण पाहुणे गावी गेले तरी देठाला चिकटूनच असतात. कारण तो थर सोडवायचा तर फांदी जिवंत लागते. वादळात अर्धवट मोडून लटकलेली फांदी बघा, झाडाची बाकी पानं गळून जातात आणि तिची तपकिरी पानं तिथंच राहतात.

थंड मुलखात दिवस लहान होणं आणि गारठा या खुणांवर पानं गळतात, म्हणून त्यांची पानगळ सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत उरकते. आपल्याकडे त्या दिवसांत जमिनीत ओल भरपूर असते, झाडाला घाई कसली? डिसेंबरनंतर जमिनीचा वरचा थर कोरडा पडत जातो, हवेतला दमटपणा कमी होतो, आणि मग एकेकाची पाळी येते. कोणाची आधी, ते त्याची मुळं किती खोल आणि खोडात पाणी किती, यावर.

सह्याद्रीवाला (पुणे) | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:४८

ताई, माहिती छान, पण 'आपल्याकडे ऑक्टोबरात घाई नसते' हे पटलं नाही. मी ऑक्टोबरात मेळघाटात आलो होतो. सेमाडोहकडे जाताना डोंगरच्या डोंगर सागाचे, आणि सगळे तपकिरी, भाजल्यासारखे. म्हणजे साग तरी तेव्हाच पानं टाकतो ना?

बीटगार्ड_आता_घरी (अचलपूर) | १२ फेब्रुवारी, दुपारी २:१५

ते पानगळ नाई साहेब, अळी हाय. नोकरीत असताना दरवर्षी कोणी ना कोणी पाहुणा हेच विचारे, 'जंगल जळलं काय?'

पाऊस सरता सरता सागावर एक बारीक अळी येते. पानाच्या शिरा सोडून मधला हिरवा गर तेवढा खाते. उरते ती नुसती जाळी, उन्हात धरली तर आरपार दिसते. दुरून डोंगर करपल्यावाणी वाटते. शास्त्रातलं तिचं नाव युटेक्टोना मॅकेरॅलिस. पावसाच्या सुरुवातीला सागावर दुसरी अळी येते, हिब्लिया प्युएरा, ते कोवळी पानं अख्खीच खाऊन टाकते. नुकसान या पावसाच्या सुरुवातीवालीचं जास्त, कारण तेव्हा झाडाचं वाढायचं दिवस असतात. ऑक्टोबरवालीचं तेवढं नाई. पानाचं वर्षाचं काम त्यावेळेस बहुतेक होऊन गेलं असते.

सागाची खरी पानगळ त्याच्या पुढं. उताराच्या मुरमाड जागेवर डिसेंबर-जानेवारीत चालू होते, नाल्याकाठचा साग मार्चापर्यंत पानं धरून बसते. जंगलाच्या एकाच कंपार्टमेंटमध्ये (तुकड्यात) वर बोडका आन् खाली हिरवा. तोडलेल्या खुंटावरून फुटलेले धुमारे आन् लहान रोपं तर आणखी मागं राह्यतात, मोठ्या झाडाखाली पाचोळा साचला तरी त्यांची पानं हिरवीच. आन् साग पडतो तेव्हा आवाज येते बरं. एवढं ताटाएवढं पान, खाली आपटते. फेब्रुवारीत रानात चालताना मागं जनावर हाय का पान पडलं हे नव्या माणसाले कळत नाई.

सह्याद्रीवाला | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

काका, अळीचं मान्य. पण मी गेलो तेव्हा खालीही पानांचा सडा होता. झाडानं सोडल्याशिवाय पडली का?

फळ्यासमोरची | १२ फेब्रुवारी, सायं. ५:४०

दोन्ही खरं असू शकतं. गर खाल्लेलं पान अन्न तयार करत नाही, म्हणून ते वेळेआधीच म्हातारं होतं आणि त्यातली काही पानं झाड टाकून देतं. पण त्यामुळे झाडाचं वेळापत्रक बदललं असं नाही. त्याच झाडाच्या शेंड्याकडची न खाल्लेली पानं पुढं दोन-तीन महिने टिकतात. 

माहेर_देवरी | १२ फेब्रुवारी, रात्री ८:३३

तुमचं सागाचं चालू द्या जी, पण आमच्याकडे पानगळ म्हटली की मोह. मोहाची पानं आता फेब्रुवारीत पिवळी-तांबूस होतात, मार्च लागता लागता झाड मोकळं होते, आणि मग उघड्या फांद्यांच्या टोकाला फुलांचे गुच्छ. फुलं पहाटेपासून टपटप पडतात. ती वेचायची तर खाली जमीन दिसायला पाहिजे, आणि खाली तर झाडानं स्वतःचाच पाचोळा अंथरून ठेवलेला. म्हणून पानं झाडणं हे वेचणीच्या आधीचं काम. बाया खराट्यानं ओढून एका बाजूला करतात. काही जण मात्र काडी ओढून देतात, आणि मग ती आग झाडापुरती थांबत नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडचे किती वणवे असे मोहाखालून सुरू होतात, ते इकडच्या कोणालाही विचारा.

फारेस्टवाले फेब्रुवारीत जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढतात ते यासाठीच. हल्ली काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. ती पद्धत मला आवडली, फुलाला माती लागत नाही आणि पाला पेटवायची गरजच राहत नाही.

फुलं संपत आली की मोहाला तांब्यासारखी लालसर पालवी येते. एप्रिलच्या शेवटी बघा, गच्च सावली. धुरकरी भाऊ, बैलांसाठी याच्यासारखं झाड नाही. पण रब्बीत तो हिरवागार राहील, ते तुम्हाला नको आहे.

बीटगार्ड_आता_घरी | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

ताई बरोबर बोलल्या. एक जोडतो. मोहाखालचा पाचोळा जाळला तर त्या झाडाची बुडाची साल दरवर्षी भाजते, आन् रोपं तर एकही जगत नाई. मोहाची मोठी झाडं दिसतात, लहान झाडं दिसत नाई, त्याचं हे एक कारण.

कोरची_कडचा (गडचिरोली) | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

वरचं सगळं वाचलं. मला वाटते आपण चुकीच्या टोकाकडून मोजून राहिलो. 'कधी झडते' हे एकाच जातीत, एकाच शेतात बदलते, हे धुरकरी भाऊंच्या दोन पळसांनीच दाखवलं. आमच्याकडे पाऊस जास्त, तुमच्या अकोला-बुलढाण्याच्या जवळपास दुप्पट पडतो. इकडचा ऐन तिकडच्या ऐनाच्या मागून झडणारच. तुलना करायची तर 'किती दिवस उघडं राहते' याची करा. तिथं झाडांचे स्वभाव उघड होतात.

एका टोकाला मोवई, सालई, कुल्लू. ही झाडं जानेवारी-फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत बोडकी. उघडी असतानाच फुलतात. लाकूड हलकं, खोडात पाणी साठवतात. मोवईची फांदी तोडून कुंपणाला खुंट म्हणून ठोका, ती तिथं फुटते, इतकं पाणी तिच्या अंगात असते. पाणी साठवून ठेवणाऱ्यानं पानं लवकर टाकायची, म्हणजे साठा खर्च होत नाही. सावरही याच गटातली, पण ती जरा आधी उरकते, मार्च-एप्रिलात पालवी आणते.

मधे साग, ऐन, धावडा. लाकूड भारी, साठा कमी. जमिनीत ओल आहे तोवर पानं चालवायची, ओल संपली की टाकायची. ऐन इतका उशीर करतो की इतरांना पालवी येते तेव्हा हा मोकळा होतो. जून जवळ आला की सागाला पानं फुटतात.

आणि दुसऱ्या टोकाला कुसुम, पिंपळ, करंज, बिजा. ही झाडं बोडकी झाली हे कळायच्या आत पुन्हा भरतात. मार्चात कुसुमाकडे लक्ष ठेवा. एका आठवड्यात जुनी पानं जातात आणि झाड लालभडक होते. दुरून लोकांना फुलं वाटतात, ती पानं असतात.

जांभूळ, आंबा, चार (चारोळीचं झाड) यांची पानं वर्षभर थोडी थोडी गळत असतात, म्हणून गळतात हे दिसत नाही. जांभळीखाली कधीही जा, पाचोळा आहेच.

धुरकरी | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

वा! हे समजलं. पण एक कोडं राहिलं. पाण्याच्या ताणानं पानं गळतात, हे ठीक. मग मोह, कुसुम, पिंपळ एप्रिलात नवी पानं काढतात ती कशाच्या जोरावर? आमच्याकडे तेव्हा पारा ४४-४५ वर असतो, विहिरी तळाला, पावसाला दोन महिने अवकाश. संत्र्याला तरी आम्ही... म्हणजे संत्रेवाले भाऊ पाणी देतात. जंगलात कोण देतं?

फळ्यासमोरची | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

फार चांगला प्रश्न. मान्सूनच्या मुलखातल्या जंगलांबद्दल अभ्यासकांनाही हेच कोडं पडलं होतं, कारण नुसत्या पाण्याच्या हिशेबानं झाडांनी पावसाची वाट पाहायला हवी.

होतं असं. पानं आहेत तोवर झाड पाणी हवेत सोडत असतं. पानं टाकली की ती गळती थांबते. मुळं मात्र खालच्या थरात काम करतच राहतात, आणि वर ओढलेलं पाणी खोडात, फांद्यांत साठून राहतं. म्हणजे पानगळ हीच झाडाची पाणी भरण्याची सोय. काही आठवड्यांत फांद्या पुन्हा तट्ट होतात. तिकडे दिवस मोठा होत चाललेला असतो आणि बऱ्याच जातींच्या कळ्या त्या वाढत्या दिवसाच्या खुणेवर फुटतात. म्हणून पाऊस लवकर येवो की उशिरा, पालवीची तारीख दरवर्षी जवळपास तीच.

झाडाचा फायदा? एप्रिल-मेमध्ये आभाळ मोकळं, ऊन लख्ख. जूनमध्ये ढग येतात तोवर पान जून झालेलं, कामाला लागलेलं असतं. शिवाय पाला खाणारे किडे पावसासोबत वाढतात, त्यांच्या तोंडी कोवळं पान सापडत नाही. साग पावसाच्या तोंडावर पालवतो आणि त्याचीच कोवळी पानं काकांनी सांगितलेली पावसाच्या सुरुवातीची अळी खाते, हे यासोबत जोडून पाहा.

ज्यांची मुळं खोल नाहीत किंवा जमीन फारच उथळ आहे, त्यांना हे जमत नाही. ती पावसाला थांबतात.

कोरची_कडचा | १३ फेब्रुवारी, दुपारी २:०५

तेंदूपत्त्याचा सगळा धंदा याच गोष्टीवर उभा आहे मॅडम. फेब्रुवारी-मार्चात तेंदूची झुडपं छाटतात, एप्रिल-मेच्या कडक उन्हात नवी लुसलुशीत पानं फुटतात, तीच तोडून ७० पानांचा पुडका बांधतात. पाऊस पडला की पत्ता बिडीच्या कामाचा राहत नाही. म्हणजे झाड पावसाच्या आधी पालवते म्हणून इकडच्या माणसाला उन्हाळ्यात रोजगार मिळते.

वऱ्हाडी_पाव्हणा (अकोला) | १३ फेब्रुवारी, सायं. ६:३०

निंबाचं कोणी बोललंच नाही. माझं म्हणणं, निंब कधी पूर्ण झडत नाही. आमच्या अंगणातला बारा महिने हिरवा हाय.

माहेर_देवरी | १३ फेब्रुवारी, सायं. ७:०२

झडत नाही तर पाडव्याला कोवळा पाला कुठून येतो भाऊ? :)

बीटगार्ड_आता_घरी | १३ फेब्रुवारी, सायं. ७:४५

पाव्हणे, तुमच्या निंबाच्या बुडाशी मोरीचं पाणी जाते काय?

वऱ्हाडी_पाव्हणा | १३ फेब्रुवारी, सायं. ७:५०

जाते.

बीटगार्ड_आता_घरी | १३ फेब्रुवारी, रात्री ८:०१

मंग झालं. माळावरचा निंब फेब्रुवारी-मार्चात चांगला उघडा पडते, थोडे दिवसच, पण पडते. मोरीचं पाणी पिणारा पुरा उघडा पडत नाई, जुना पाला जात जात नवा येते. आन् निंबाचं पान एकदम गळत नाई. आधी बारीक दलं पडतात, मंग मधल्या काड्या. अंगण दोन वेळा झाडा लागते, एकदा पाल्याचं, एकदा काड्यांचं. घरच्या बायकांले विचारा.

धुरकरी | १३ फेब्रुवारी, रात्री ८:१५

काड्यांवरून आठवलं. आवळ्याखाली पानं कमी आणि बारीक काड्याच जास्त पडलेल्या असतात. रोग तर नाही ना?

फळ्यासमोरची | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

रोग नाही. आवळ्याचं जे 'पान' आपल्याला चिंचेच्या पानासारखं वाटतं, ती खरं तर बारीक डहाळी असते आणि तिच्यावरची प्रत्येक पाती हे स्वतंत्र पान. आवळा ती डहाळीच टाकतो. निंबाच्या काडीला कधी फळ लागलेलं पाहिलंय? नाही, कारण ती पानाचा भाग. आवळ्याची फळं मात्र याच काड्यांना लगडतात. फुलं पानाच्या मधल्या दांड्यावर येत नाहीत, फांदीवर येतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

संत्रेवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

इतकी वर्षं आवळा खातोय आणि हे आज कळलं. बरं, आता भाऊंच्या धुऱ्याचं पाहू. रब्बीत उघडं आणि उन्हाळ्यात भरलेलं. वर जेवढी झाडं आली त्यातलं एकही ऑक्टोबर-नोव्हेंबरात झडत नाही. हरभरा फेब्रुवारीत निघतो, पानगळ तेव्हा कुठं रंगात येते. लवकर झडणारी मोवई आणि सालई मेपर्यंत उघड्या, बैल काय त्यांच्या खोडाच्या सावलीत बांधणार? हिशेब जुळत नाही.

फळ्यासमोरची | १३ फेब्रुवारी, रात्री ९:५५

आफ्रिकेत एक बाभळीच्या कुळातलं झाड आहे, फेडर्बिया अल्बिडा. ते पावसाळ्यात पानं टाकतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं असतं, म्हणून तिथले शेतकरी त्याच्याखाली पावसाळी पीक घेतात. तुमच्या मागणीच्या ते बरोबर उलट आहे, रब्बीत सावली करेल. तेव्हा त्याच्या मागे लागू नका.

कोरची_कडचा | १३ फेब्रुवारी, रात्री १०:१०

पानगळीवर कशाला अवलंबून राहता? छाटा. दिवाळीच्या आगेमागे निंबाच्या फांद्या छाटल्या की रब्बीभर सावली नाही, मार्चनंतर नवा फुटवा येतो, मेमध्ये सावली तयार. पाला शेळ्यांना, काड्या चुलीला.

आणि एक बघा. धुरा उत्तरेचा म्हणता ना? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते. तुमच्या हरभऱ्यावर ती पडणारच नाही. पडेल ती शेजाऱ्याच्या.

धुरकरी | १३ फेब्रुवारी, रात्री १०:२२

शेजारी म्हणजे चुलतभाऊच आहे, आणि मागच्या पिढीपासून धुऱ्यावरूनच बोलणं बंद आहे. आता हे त्याला कोण सांगणार?

वऱ्हाडी_पाव्हणा | १३ फेब्रुवारी, रात्री १०:२५

पाला त्याच्या शेळ्यांले द्या, बोलणं आपोआप चालू होते.

बीटगार्ड_आता_घरी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

दोन निंब आन् नाल्याच्या बाजूनं एक करंज, असं लावा. करंजाले शेळ्या सहसा तोंड लावत नाई, कुंपण नसलं तरी जगते. मार्च-एप्रिलात जुना पाला टाकते आन् लगेच चकचकीत नवा काढते, मेच्या सावलीले एक नंबर. हिवाळ्यातली सावली त्याची दाट, म्हणून ते पिकाजवळ नको, नाल्याकडंच बरं. निंबाले मात्र दोन-तीन वर्षं बोरी-बाभळीच्या काट्याचं कुंपण लागन.

खड्डे मे महिन्यात खोदून उन्हानं तापू द्या. रोप जूनच्या चांगल्या पावसानंतर. पहिल्या उन्हाळ्यात रोपानं पानं टाकली तर उपटून फेकू नका. नखानं साल थोडी खरवडून पाहा, आत हिरवं असलं तर झाड जिवंत हाय, पाऊस लागला की फुटते.

धुरकरी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:३५

ठरलं काका. रोपं विकत आणू की निंबोळ्या टाकू? मागच्या वर्षीच्या वाळवलेल्या निंबोळ्या घरात पोतंभर आहेत, फवारणीच्या अर्कासाठी ठेवलेल्या.

बीटगार्ड_आता_घरी | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

त्या अर्कालेच ठेवा. निंबोळीची उगवण फार दिवस टिकत नाई, जुनी टाकली तर वाफा रिकामा राह्यते. जून-जुलैत झाडाखाली पिवळ्या पिकलेल्या पडतात, त्या उचला, गर धुवा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा आन् लगेच पिशवीत टाका.